डेलिगेट मावशींचा तळहात

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. माझ्या बायकोला, मेधालासुद्धा नाही. ज्या एकोणीस कागदांपायी डेलिगेट मावशींचं नाव गव्हर्नरपदाच्या मतपत्रिकेवर आलं नाही, त्या कागदांवर सह्या होत होत्या तेव्हा मी तिथे नव्हतो. मी मसालेभाताचे ट्रे आणायला गेलो होतो. नंतर मात्र मी हात वर करून शपथेवर सांगितलं, की यातली प्रत्येक सही माझ्या डोळ्यांसमोर झाली. एवढं लिहायला मला दोन वर्षं लागली. आता लिहिलंच आहे तर मावशींबद्दलही लिहितो, कारण मावशी कोण होत्या हे कळल्याशिवाय मी काय केलं ते कळणार नाही.

मावशी कुणाला न वाचता सही करू द्यायच्या नाहीत. ॲशबर्नमधल्या औषधांच्या एका मोठ्या दुकानात त्या वीस वर्षं फार्मसिस्ट होत्या. औषध घ्यायला गेलं की काउंटरवरच्या छोट्या स्क्रीनवर सही करावी लागते. आपण बोटाने एक वेडीवाकडी रेघ ओढतो आणि पिशवी उचलून चालू लागतो. त्या रेघेचा अर्थ असतो, 'मला औषधाबद्दल काही विचारायचं नाही.' हे शंभरातल्या एकालाही ठाऊक नसतं. मावशी त्या स्क्रीनवर आपला तळहात ठेवायच्या. रुंद, सावळा, मधल्या बोटावर पेनाचा घट्टा पडलेला हात. "वाचलंत का?" असं विचारायच्या, समोर गोरा असो, काळा असो, की आपल्या सोसायटीतले जोशी. मागे रांग खोळंबायची, मॅनेजर काचेतून डोळे वटारायचा, पण वाचून होईपर्यंत हात हलायचा नाही.

"अरे, सही म्हणजे काय?" त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "मी इथे होतो, मी हे वाचलं, आणि हे मला चालेल. एवढ्या तीन गोष्टी. त्यातली एक जरी नसेल तर ती सही नाही, नुसती रेघ आहे."

माझी नि त्यांची ओळख दारात झाली. बाराएक वर्षांपूर्वी आम्ही इथल्या टाउनहाउसमध्ये भाड्याने राहायला आलो होतो. शनिवारी सकाळी बेल वाजली. भिंगातून पाहिलं तर पन्नाशीच्या एक बाई, अंगात निळा रेनकोट, हातात क्लिपबोर्ड. मी दार उघडलं नाही. व्हिसावर राहणाऱ्या माणसाला क्लिपबोर्डची भीती वाटते. मी श्वास रोखून उभा राहिलो. बाहेरून स्वच्छ मराठीत आवाज आला, "दाराखाली तुमची सावली दिसतेय हो! मी इमिग्रेशनवाली नाही, सुमती रणदिवे. उघडा."

मी दार उघडून घाईघाईने म्हटलं, "पण मला मत नाहीये."

"मत नसू दे. चहा तर असेल?"

चहा पिता पिता त्यांनी माझं गाव विचारलं, नोकरी विचारली. मी म्हटलं, अकोला, आणि डेटा सेंटरमध्ये रात्रंदिवस मशिनी थंड ठेवतो. त्या हसल्या. निघताना म्हणाल्या, "मला दोन तास सोबत हवीये. येतोस?" मी कपडे धुवायचे आहेत असं काहीतरी सांगितलं. त्यांनी यादीतल्या माझ्या घराच्या ओळीपुढे बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मी विचारलं, "काय लिहिलंत?"

"तुला काय करायचंय?" त्या म्हणाल्या, आणि पुढच्या दाराकडे गेल्या.

पुढच्या शनिवारी मी स्वतःहून त्यांच्या घरी गेलो आणि नंतरची दहा वर्षं जातच राहिलो. इथे राज्याच्या विधानसभेच्या सभासदाला डेलिगेट म्हणतात. मराठी मंडळातली पोरं त्यांना मावशी म्हणायची, वर्तमानपत्रं डेलिगेट म्हणायची. कुणीतरी दोन्ही जोडून टाकलं आणि सुमती रणदिवे हे नाव आमच्यात तरी मागे पडलं.

निवडणुकीला त्या उभ्या राहिल्या त्याचं कारणही काउंटरवरचंच होतं. त्यांच्या सुट्टीच्या दिवशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी रक्त पातळ करणारं औषध नेलं, स्क्रीनवर रेघ ओढली, आणि घरी जाऊन जुन्या गोळ्यांच्या जोडीने घेतलं. ते वाचले, पण चालते-फिरते राहिले नाहीत. त्यांची मुलगी दुकानात रडत आली, तेव्हा वरच्या ऑफिसातून तिला सहीची प्रत दाखवण्यात आली. "बघा, तुमच्या वडिलांनीच माहिती नको म्हणून सही केलीय." मावशी शेजारी उभ्या होत्या. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अर्ज भरला. त्यांचे यजमान, म्हणजे आमचे काका, गॅरेजमध्ये प्रचाराच्या पाट्या रंगवत मला म्हणाले, "ही आता सबंध राज्याच्या सह्यांवर हात ठेवायला निघालीय."

पहिल्यांदा त्या पडल्या. पडल्याच्या दुसऱ्या सकाळी मला फोन. "उठलास का? पाट्या काढायच्यात. लोकांच्या अंगणात आपला कचरा नको." दोन वर्षांनी निवडून आल्या, आणि मग एकूण चारदा, लागोपाठ. पक्षातल्या एका शहाण्या तरुणीने सुचवलं, की आडनाव लोकांना म्हणता येत नाही, तर नुसतं 'सू' लावू या. मावशी म्हणाल्या, "या लोकांना दहा प्रकारच्या कॉफीची नावं पाठ आहेत. एक रणदिवे जड जाईल?" जड गेलंच. टीव्हीवाले शेवटपर्यंत 'रॅन-डाइव्ह' म्हणत राहिले. त्यांची मुलगी गार्गी इथेच जन्मलेली, ती आईच्या मागे मागे फिरत म्हणायची, "आई, यू हॅव टू करेक्ट देम!" आणि मावशी म्हणायच्या, "घरी आले की करते, आधी थालीपीठ खाऊ दे त्यांना." "आई, स्टॉप फीडिंग द रिपोर्टर्स!"

दारोदार फिरताना त्या बेल एकदाच वाजवायच्या आणि मनातल्या मनात चाळीसपर्यंत मोजायच्या. "म्हाताऱ्या माणसाला उठायला तेवढा वेळ लागतो." यादीच्या समासात मराठीत टिपणं करायच्या. 'कुत्रा बेली, आंधळा.' 'उजवा गुडघा.' 'मुलगा बोलत नाही, विषय काढू नये.' पक्षाने सगळ्यांना फोनवरचं ॲप दिलं होतं, त्यात मतदार आपल्या बाजूचा की विरुद्ध एवढंच नोंदवायचं असायचं. मावशी ते माझ्याकडून भरून घ्यायच्या आणि स्वतः कागदावर गुडघे लिहायच्या. दोन वर्षांनी त्याच दारात उभ्या राहून गुडघ्याची चौकशी करायच्या. मी पाहिलंय, विरुद्ध पक्षाची पाटी अंगणात असलेली माणसं त्यांना आत घेऊन बसायची.

त्यांचं सहीचं विधेयक तीनदा मेलं. इथे विधेयकं मरायला सभागृहात यावं लागत नाही. सकाळी सात वाजता, छोट्या खोलीत, पाच-सात माणसं तीन मिनिटांत ती मारतात. मावशी दोन तास गाडी चालवून राज्याच्या राजधानीला, रिचमंडला जायच्या, तीन मिनिटं बोलायच्या, आणि येताना मला फोन करायच्या. "मेलं रे. पण आज एकाने मान हलवली." चौथ्या वर्षी ते पास झालं, अर्धंमुर्धं कापून. औषधाच्या काउंटरवर सही घेण्याआधी ती कशाची आहे हे माणसाने माणसाला तोंडाने, त्याला कळेल अशा भाषेत सांगायचं. एवढंच उरलं होतं. तो कायदा छापून आल्या दिवशी मावशींनी तो आधी पूर्ण वाचला, मग आम्हाला श्रीखंड वाढलं.

मग त्या गव्हर्नरपदाला उभ्या राहिल्या.

सगळ्यांनी त्यांना वेड्यात काढलं. पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या प्राथमिक निवडणुकीत दोन तगडे उमेदवार होते आणि दोघांचं एकमेकांशी पटत नव्हतं. मावशींचं म्हणणं साधं होतं. "ते दोघं एकमेकांकडे बघतायत. मी दाराकडे बघते." डेलिगेटच्या जागेला पुन्हा उभं राहणार नाही असं त्यांनी जाहीर केलं. दोन्हीकडे नाव लावायला त्या तयार नव्हत्या. "परतीचं तिकीट काढून कुणी गव्हर्नर होत नसतं," असं काकांना म्हणाल्या. मला वाटतं, त्यांना खरोखर आशा होती. त्या एरवी पेटीत जपून ठेवलेली इरकली साडी इस्त्रीला टाकून आल्या होत्या, वादविवादाच्या कार्यक्रमात नेसायला.

मतपत्रिकेवर नाव यायला राज्यभरातून मतदारांच्या हजारो सह्या लागतात. त्या जानेवारीपासून गोळा करायच्या, आणि नेमकं तेव्हाच विधानसभेचं अधिवेशन असतं. मावशी रिचमंडला अडकल्या. इथल्या भागाच्या सह्या त्यांनी माझ्यावर सोपवल्या. प्रत्येक कागदाच्या तळाशी गोळा करणाऱ्याचं प्रतिज्ञापत्र असतं, की वरच्या प्रत्येक माणसाने माझ्यासमोर स्वतः सही केली. ते नोटरीपुढे शपथेवर करायचं. मावशींनी मला तो मजकूर मोठ्याने वाचायला लावला. त्यांचा हात कागदावर होताच. "वाचलंस?" "वाचलं, मावशी." "आणि नागरिक असून मतदार म्हणून नोंदवलेलेच हां. प्रेमापोटी कुणाचीही घेऊ नकोस."

संक्रांतीचं हळदीकुंकू आमच्या मंडळात शाळेच्या कॅफेटेरियात होतं. तीन-चारशे माणूस. मी दाराशी टेबल मांडलं, क्लिपबोर्ड ठेवले, पेनं सुतळीने बांधली. शेजारीच तिळगुळाचं ताट. सुरुवातीचा अर्धा तास मी प्रत्येकाला विचारून सह्या घेतल्या. तेवढ्यात मंडळाच्या अध्यक्षबाई धावत आल्या. जेवण पुरवणाऱ्याची गाडी हायवेवर बंद पडली होती. "सतीश, तुझी व्हॅन आहे ना? जा ना रे प्लीज, सगळ्या बायका ताटकळल्यात." मी म्हटलं, टेबल? त्या म्हणाल्या, "अरे, आपलीच तर माणसं आहेत."

मी गेलो. जाऊन यायला तासभर लागला. परत आलो तर कागद भरले होते. एक नाही, सगळे. एकोणीस कागद, दोन्ही बाजूंनी. मला इतका आनंद झाला, की तिथेच फोटो काढून मावशींना पाठवला. त्यांनी हात जोडल्याचं चित्र धाडलं.

तुमच्यापैकी जे मंडळात वाढले त्यांना मी सांगायला नको काय झालं होतं. सभासदत्वाचा फॉर्म असो, सहलीचा असो, आपल्यात एक जण घरातल्या सगळ्यांच्या सह्या करतो. ट्रे उतरवत असताना माझ्या कानांनी मी शेवटचं ऐकलं. "मिसेस वाणाच्या लाइनीत आहे, तिची मीच ठोकतो." "सासऱ्यांची पण कर यार, मावशींचं काम आहे." "पण बाबांचं तर ग्रीन कार्डच आहे ना?" "कोण बघतंय!" सगळे हसत होते. कुणाच्या मनात काही वाईट नव्हतं. एकाच हस्ताक्षरात चार-चार नावं एकाखाली एक उतरली होती. ती मला दिसली. मी ते कागद तिथेच फाडायला हवे होते. मुदतीला अजून आठवडे होते, मी ती घरं पुन्हा फिरू शकलो असतो. पण शिफ्ट होती, थंडी होती, आणि मावशींना फोटो गेला होता.

चार दिवसांनी मी नोटरीपुढे बसलो. त्या बाईंनी यांत्रिक आवाजात शपथ घातली. मी उजवा हात वर केला. मग एकोणीसदा सही केली. शेवटच्या पाच-सहा सह्यांना माझं नाव ओळखूही येत नाही. नुसत्या रेघा आहेत.

छाननीत ते कागद सापडायला वेळ लागला नाही. काही नावं मतदारयादीत नव्हती, काही सह्या उघडच एका हाताच्या होत्या, आणि त्यामुळे त्या कागदांवरच्या खऱ्या सह्यांवरही संशय आला. एकूण आकड्याला मावशी थोडक्यात कमी पडल्या. मी घेतलेल्या नेकीच्या सह्या जरी धरल्या असत्या तरी त्या पार झाल्या असत्या.

वकिलांचं म्हणणं पडलं, की कोर्टात जाऊ. रविवारी दुपारी आम्ही मावशींच्या गॅरेजमध्ये बसलो होतो. पाट्यांचे ढीग, काकांचे रंगाचे डबे, आणि पत्त्यांच्या टेबलावर त्या एकोणीस कागदांच्या प्रती. वकील म्हणाले, ज्यांनी स्वतः सह्या केल्या ते साक्षीला येतील, पण आधी गोळा करणाऱ्याने शपथेवर सांगायला हवं की तो तिथे होता. सगळं त्याच्यावर आहे. मग ते फोन घ्यायला अंगणात गेले. काकाही उठून आत गेले.

मावशींनी एक कागद पुढ्यात ओढला. त्यावर हात ठेवला.

"सतीश, तू टेबलापाशी होतास ना रे?"

"हो, मावशी."

"सगळा वेळ?"

"सगळा वेळ."

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. किती वेळ ते मला सांगता येणार नाही. चाळीसपर्यंत मोजत असाव्यात. मला उठायला वेळ देत असाव्यात. मी कागदावरच्या त्यांच्या बोटांकडे पाहत बसलो.

"तुझा सिटिझनशिपचा इंटरव्ह्यू कधी आहे?" त्यांनी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. सतरा वर्षांनी नंबर लागलाय."

"बरं," त्या म्हणाल्या. त्यांनी एकोणीस कागद गोळा केले, कडा टेबलावर ठोकून सारख्या केल्या आणि फोल्डर मिटलं. "मेधा कशी आहे? तिला म्हणावं, लोणच्याची बरणी घेऊन जा, मी काढून ठेवलीय."

मला त्याच क्षणी कळलं, की त्यांना कळलंय. कोर्टात मला उभं केलं असतं तर मी एक तर खोटी शपथ दुसऱ्यांदा घेतली असती, नाहीतर पहिली खोटी होती असं कबूल केलं असतं. दोन्हीकडे गुन्हा होता, आणि ग्रीन कार्डवरच्या माणसाला त्या गुन्ह्याची शिक्षा म्हणजे देश सोडणं. मावशींनी तराजूच्या एका पारड्यात माझा इंटरव्ह्यू ठेवला आणि दुसऱ्यात स्वतःची दहा वर्षं. मी समोर बसून ते वजन होताना पाहिलं. लोणच्याची बरणी घेऊन घरी आलो.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माघार घेतली. विधानभवनाच्या पायऱ्यांवर तीन-चार कॅमेरे होते. त्या म्हणाल्या, "कागद माझे होते, चूक माझी आहे. मी ते नीट पाहिले नाहीत." ज्या बाईने आयुष्यात एक ओळ न वाचता सोडली नाही, तिने राज्यासमोर सांगितलं की मी वाचलं नाही. मी गर्दीत उभा होतो. मंडळात नंतर महिनाभर चर्चा चालली. "मावशींनी प्रोफेशनल माणसं घ्यायला हवी होती यार." "ओव्हरकॉन्फिडन्स, दुसरं काय!" ज्यांनी बायकांच्या आणि सासऱ्यांच्या सह्या ठोकल्या होत्या तेच हे बोलत होते. मीही मान हलवत होतो.

त्या जिंकल्या नसत्या, असं लोक मला समजुतीने सांगतात. कदाचित नसत्याच जिंकल्या. पण त्या हरल्याही नाहीत. हरायलासुद्धा मतपत्रिकेवर नाव असावं लागतं. ज्यांच्या गुडघ्यांची त्यांनी दहा वर्षं चौकशी केली त्या माणसांना त्यांना नको म्हणायचीही संधी मिळाली नाही. डेलिगेटची जागा तोवर दुसऱ्याकडे गेली होती. पुढच्या अधिवेशनात सहीच्या कायद्याला एक छोटी दुरुस्ती आली, की तोंडी सांगण्याऐवजी स्क्रीनवर सूचना दाखवली तरी चालेल. सकाळी सात वाजता, छोट्या खोलीत, कुणीही विरोधाला उभं राहिलं नाही. मी ती बातमी कामावर जेवणाच्या सुट्टीत वाचली आणि डबा तसाच बंद केला.

इंटरव्ह्यूत मला ऑफिसरने विचारलं, ज्यासाठी अटक झाली नाही असा एखादा गुन्हा तुम्ही कधी केला आहे का? मी 'नो' म्हटलं. तो हसून म्हणाला, अभिनंदन. समारंभात मेधाने माझा छोटा झेंडा घेऊन फोटो काढला. त्या फोटोत मी कसा दिसतो ते मला बघवत नाही. आज हे छापून आल्यावर माझं काय होईल ते मला माहीत नाही. वकिलाला मी विचारलेलं नाही. विचारलं असतं तर लिहिलं नसतं.

मावशी पुन्हा काउंटरवर गेल्या, त्याच दुकानात, पण आता आठवड्यातून चार दिवस. मी कितीदा त्या पार्किंगमध्ये गाडी लावून बसलो आणि तसाच परत आलो. काचेतून त्यांचं डोकं दिसायचं. केस अचानक पांढरे झाले होते. शेवटी एकदा रक्तदाबाची गोळी सुरू झाली आणि जावंच लागलं. त्यांनी मला पाहिलं, हसल्या, पिशवी पुढे केली. मी स्क्रीनवर बोट टेकवणार तोच त्यांचा तळहात आला.

"वाचलंस का?"

आता सांग, मी स्वतःला म्हटलं. मागे एक बाई मूल कडेवर घेऊन उभी होती, एवढंच. जागा होती, वेळ होता. मी म्हटलं, "हो, मावशी. वाचलं."

त्यांनी हात काढून घेतला. इतक्या हळू, की मला अजून तो निघताना दिसतो. मी सही केली.

गेल्या शरद ऋतूत काकांना चालणं जड झालं, म्हणून दोघं घर विकून डेन्व्हरला गार्गीकडे गेले. सामान भरायला मंडळातले आम्ही पाच-सहा जण होतो. मावशी कुणाला काय द्यायचं ते ठरवत फिरत होत्या. इरकली साडी शेजारणीच्या मुलीला दिली. न नेसलेली, इस्त्रीची घडी तशीच. मला एक पुठ्ठ्याचं खोकं दिलं. "यात माझ्या याद्या आहेत. गार्गीला मराठी वाचता येत नाही, तिकडे नेऊन काय करू? तू ठेव." मग गाडीत बसताना काच खाली करून म्हणाल्या, "आणि ये रे कधीतरी. लांब आहे म्हणून बसू नकोस." मी म्हटलं, "येतो ना, मावशी." गाडी वळणावरून गेल्यावरही मी हात वर करून उभा होतो. तो तसा वर केलेला माझा हात मला दिसला आणि मी तो पटकन खाली घेतला.

खोकं तीन महिने तळघरात पडून होतं. उघडलं तेव्हा पहिल्याच वर्षाच्या यादीत आमचा रस्ता सापडला. बेली नावाचा आंधळा कुत्रा सापडला. त्याच्याखाली आमचं टाउनहाउस. छापील नाव आधीच्या भाडेकरूचं, ते खोडलेलं, आणि पुढे निळ्या शाईत मावशींचं अक्षर. 'अकोला. मत नाही. चहा छान. घाबरतो. पण येईल.'

त्या वेळी मी गेलो होतो. या वेळी अजून गेलेलो नाही. डेन्व्हरचं तिकीट दोनदा काढलं आणि दोनदा कॅन्सल केलं. हे लिहून ते काम झालं असं मी धरत नाही, कारण कागदावर मी याआधीही बरंच काही लिहून दिलेलं आहे.

मावशींना मी एक वाक्य देणं लागतो. त्यांच्यासमोर उभं राहून, माझ्या तोंडाने. त्या सह्या झाल्या तेव्हा मी तिथे नव्हतो. ते वाक्य मी त्यांना अजून दिलेलं नाही.